पौषात कापशीची आंघोळ

पिंपळगाव राजात येऊन कलाबाई तायडे कुठं राहतात असं विचारलंत, तर माणसं डोकं खाजवतील. घोडीवाली कलाबाई म्हणालात, तर पानटपरीवाला पानाला चुना लावता लावता त्याच बोटानं रस्ता दाखवील. विहारामागची गल्ली, शेवटचं घर, दारात कडुनिंब, कडुनिंबाखाली टिनाचा गोठा आणि गोठ्यात कापशी. माणसांना दोन खोल्या आणि घोडीला एकटीला तेवढाच मोठा गोठा, यावरून त्या घरात मान कोणाचा हे येणाऱ्याला न सांगता कळतं.

सुवर्णाला ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं. ती या घरची सून, कलाबाईच्या प्रसेनजितची बायको. माहेर नांदुऱ्याचं, वडील रेल्वेत गँगमन. रुळाकाठच्या क्वार्टरात वाढलेली पोरगी. दारावरून मेल दणाणत गेली तरी तिच्या बशीतला चहा हिंदकळायचा नाही. पण कापशी नुसती फुरफुरली, की ही स्वयंपाकघरात. आजवर तिनं ऐकलेल्या सगळ्या गाड्यांना ब्रेक होता, या जनावराला ब्रेक कुठं असतो ते तिला ठाऊक नव्हतं. वैशाखात ती नांदायला आली आणि पौष लागला, तरी तिनं घोडीला बोट लावलं नव्हतं. दुरून मात्र बघत राहायची. एवढं मोठं, एवढं पांढरं काही आपल्या दारात बांधलेलं आहे, याचंच तिला नवल सरत नव्हतं. सकाळी कापशी मान वर करून कडुनिंबाच्या पानांना नाक लावायची, तेव्हा सुवर्णाच्या हातातला झाडू थांबायचा.

कापशी जातीनं नुकरी. म्हणजे अंगावर काळा केस औषधालाही नाही आणि कातडी खालून गुलाबी. कपाशीचं बोंड फुटावं तशी पांढरी, म्हणून गुलाबरावांनी, म्हणजे कलाबाईच्या नवऱ्यानं, तिचं नाव कापशी ठेवलं. लग्नात नवरदेवाला मिरवणं हा तिचा धंदा. पौषात हिंदूंची लग्नं लागत नाहीत, तेव्हा बाकीचे घोडीवाले घरोघरी उन्हं खात बसतात. बौद्धांना मुहूर्त लागत नाही, सुट्टीचा रविवार हाच त्यांचा मुहूर्त. त्यामुळं कापशीचा पौष कधी पूर्ण रिकामा गेला नाही.

पण या पौषातला तिसरा रविवार नुसता लग्नाचा नव्हता. त्या रविवारी कलाबाईच्या माहेरी, त्यांचे थोरले भाऊ माणिकराव यांच्या नातीचं, राखीचं लग्न होतं. हे माहेर जळगाव जामोदच्या वाटेवरचं एक गाव. नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथली आजची माणसं काही तशी नाहीत आणि उगाच कोणाच्या तोंडाला काळं का फासा. बेचाळीस वर्षांपूर्वी गुलाबराव याच गावात नवरदेव होऊन आले होते. नांदुऱ्याहून मागून आणलेल्या घोड्यावर बसून, डोक्याला फेटा बांधून. गावाच्या वेशीत दहा-बारा माणसं काठ्या घेऊन उभी होती. तुमच्या वस्तीच्या नवरदेवानं या वेशीतून घोड्यावर जायचं नाही, एवढंच ती म्हणाली. वरातीत बाया होत्या, लेकरं होती. गुलाबराव खाली उतरले आणि चालत मांडवात आले. घोडा शेतातून वळसा घालून मागून आला. मांडवात बसलेल्या अठरा वर्षांच्या कलानं आपला नवरा पहिल्यांदा पाहिला तो धुळीनं भरलेल्या बुटांचा.

गुलाबराव त्या गोष्टीबद्दल जन्मभर अवाक्षर बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी मात्र नांदुऱ्याच्या एका घोडेवाल्याकडं चाकरीला राहिले, घोड्याचं सगळं शिकले आणि स्वतःची घोडी घेतली. कापशी ही त्यांची तिसरी. तीन वर्षांपूर्वी ते छातीच्या दुखण्यानं गेले. चौथ्या दिवशी कलाबाईनं पदर खोचला आणि खुंटीवरचा खरारा हातात घेतला. खरारा म्हणजे घोड्याचं अंग खाजवून साफ करायचा लोखंडी दातांचा फणा. वरातीत लगाम धरून बाईमाणूस चालतं, हे पाहून पहिल्या लग्नसराईत लोक हसले. दुसऱ्या लग्नसराईत हसले नाहीत. तिसऱ्यात लग्नाची तारीख ठरवण्याआधी कलाबाईला फोन करायला लागले.

तर त्या वेशीतून कापशीवर बसलेला नवरदेव न्यायचा, हे कलाबाईचं एकच मागणं होतं. नवरदेव धम्मरत्न जळगाव जामोदचा, मास्तर होता. माणिकरावांनी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. आता गावात अडवणारं कोणी उरलं नव्हतं. उलट सरपंचांनी वेशीला तोरण बांधतो म्हणून निरोप पाठवला होता. राहिली होती ती फक्त घोडी पांढरीशुभ्र करायची.

आणि इथंच घोटाळा झाला.

शनिवारी सकाळी कलाबाई पहिल्या एसटीनं खामगावला गेल्या. लगामाचा पट्टा शिवायला टाकला होता तो आणायचा होता. प्रसेनजित टेम्पो घेऊन मलकापूरला गेला होता. जाताना कलाबाईनं सुनेला एवढंच सांगितलं, की तिला फक्त पाणी पाजजो, बाकीचं मी आल्यावर पाहीन. सुवर्णा बादली घेऊन, भिंतीला अंग घासत गोठ्यात गेली आणि पाहते तर काय, कापशी रात्री लिदीत लोळली होती. मांडीपासून पोटापर्यंत परातीएवढा हिरवा-पिवळा डाग. उद्या लग्न आणि घोडीचा हा अवतार!

आता सुवर्णानं नांदुऱ्याला सहा महिन्यांचा ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. भिंतीवर सर्टिफिकेट होतं. केस कुठलेही असोत, ते कसे चमकवायचे हे आपल्याला कळतं, अशी तिची खात्री होती. शिवाय नऊ महिने ज्या जनावराला भ्यालो, त्याला आज आपल्या हातानं सजवावं आणि सासूबाईंनी आल्यावर बघतच राहावं, हीही एक हौस मनात होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल लागते. तिनं बोअरचं पाणी सुरू केलं, पाइप ओढला, मनाचा हिय्या केला आणि कापशीच्या पाठीवर पाणी सोडलं.

घोडी हलली नाही. डोळा तेवढा वळवून तिनं सुवर्णाकडं पाहिलं. मोठा, काळा, ओला डोळा, आणि त्यात पाइप धरलेली एक बारीकशी बाई. सुवर्णाची भीती त्या डोळ्यापाशीच गळून पडली. मग काय विचारता. मानेपासून शेपटीपर्यंत शाम्पूची आख्खी बाटली, आयाळीला कंडिशनर, पुन्हा पाणी. डाग गेला. कापशी अशी काही उजळली की सुवर्णा दोन पावलं मागं सरून हरखून पाहत राहिली.

बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं. पण ते अंगावरून ओघळलं आणि वर उत्तरेचा वारा लागला, की मग कळतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. अर्ध्या तासात कापशीच्या खांद्यावरची कातडी थरथरायला लागली. मग मांड्या. मग तिनं मान खाली टाकली. सुवर्णानं घरातले होते नव्हते ते टॉवेल आणले, सगळे भिजून गेले, घोडी तशीच ओली. शेवटी तिनं पार्लरचा ड्रायर आणला, एक्सटेन्शनला लावून सुरू केला. त्या घोंघाटानं कापशीनं असा झटका दिला की बादली गल्लीत गेली आणि त्याच वेळी वीजही गेली. सुवर्णा ओल्या साडीनं गोठ्याच्या दारात बसली आणि रडायला लागली. करायला गेली काय आणि झालं काय.

बाराच्या एसटीनं कलाबाई आल्या. त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं, घोडीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, फेसाच्या डबक्याकडं पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुवर्णा अजून सांगते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कापशीचा कान मुठीत धरला.

"कान थंडे पडले," त्या म्हणाल्या. "ऊठ पोरी. चूल पेटव."

पुढचे चार तास सुवर्णानं जे पाहिलं, ते तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. सर्टिफिकेट देणाऱ्या बाईंनीही पाहिलं नसेल.

कलाबाईनं आधी बांबूची एक चपटी कामटी घेतली आणि मानेपासून खाली, केसांच्या दिशेनं ओढत अंगावरचं पाणी निपटून काढलं. कामटीच्या धारेवरून पाण्याची धार लागली होती. मग स्वतःच्या अंथरुणातल्या दोन गोधड्या आणून घोडीवर टाकल्या. आणि मग त्यांनी घोडीचे मनातल्या मनात चार भाग केले. एका वेळी एकच भाग उघडा करायचा, बाकीचे तीन गोधडीखाली. उघड्या भागावर वाळलेल्या गवताचा घट्ट वळलेला बोळा घेऊन अशा घासत की त्यांचा दंड सुवर्णाला दिसेनासा व्हायचा. तो भाग कोरडा झाला की बारदानानं पुसायचा, झाकायचा आणि पुढचा उघडायचा. साठ वर्षांची बाई, सुकलेल्या काठीसारखी. पण त्या हाताला थकवा म्हणून नव्हता.

सुवर्णाकडं चुलीचं काम. कढईत गव्हाचा कोंडा भाजायचा, हाताला सोसवेल इतका गरम झाला की धावत गोठ्यात न्यायचा. हा कोंडा कशासाठी, हे तिला तेव्हा कळलं. हिवाळाभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती, की सासूबाई कढई घेऊन गोठ्यात जातात. तिला वाटायचं, घोडीला चारत असतील. कलाबाई गरम कोंड्याची मूठ घ्यायच्या आणि केसांच्या उलट दिशेनं चोळायच्या. कोंडा केसांच्या मुळाशी जायचा, आतली ओल आणि मळ पिऊन घ्यायचा आणि खरारा फिरवला की राखाडी होऊन खाली पडायचा. खालून कापशी निघायची पांढरी, कोरडी आणि उबदार. दिवाळीपासून होळीपर्यंत या घरात घोडीला कधी आंघोळ घातलेली नव्हती. तरी सगळ्या खामगाव तालुक्यात एवढी पांढरी घोडी दुसरी नव्हती, ती या कोंड्यानं. सुवर्णाला स्वतःच्या शाम्पूच्या बाटलीची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, आपण नऊ महिने खिडकीत उभं राहून काहीच पाहिलं नाही याची.

मधेच कलाबाईनं तिला जवळ बोलावलं. तिचा हात धरून कापशीच्या कानाच्या मुळाशी ठेवला आणि मुळापासून टोकापर्यंत हळूहळू ओढायला शिकवलं, जशी गाईची धार काढतात तसं, पण दाब न देता.

"घोड्याची थंडी कानात कळते," त्या म्हणाल्या. "अंग गरम लागन, पन कान खोटं बोलत नाई. कान थंडा पडला का मंग कोनाचंच आयकाचं नाई, थांबाचं."

सुवर्णा कान ओढत राहिली. हातातला कान बर्फासारखा होता. मग थंड होता. मग, किती वेळ गेला ते तिला सांगता येणार नाही, तो कोमट झाला. आणि गोधडीखालून वाफ निघायला लागली. कापशीच्या सबंध अंगातून, पाठीवरून, मानेवरून पांढरी वाफ वर टिनाकडं चालली होती आणि त्या वाफेत कलाबाई अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नाहीत. सुवर्णानं नकळत हात जोडले. कोणाला जोडले ते तिलाही माहीत नव्हतं. घोडीला असतील, सासूला असतील.

चारच्या सुमारास कापशीनं गूळ-ओवा घातलेला कोंड्याचा गरम काला खाल्ला. संध्याकाळी गुरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही म्हणाले, एक इंजेक्शन दिलं आणि उद्या न्यायची तर न्या, पण वारा लागू देऊ नका, असं बजावून गेले. रविवारी पहाटे चंदीचा तोबरा, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याची तोंडाला बांधायची पिशवी, हातात घेऊन त्या गोठ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. ओल्या हरभऱ्याचा वास आत पोचला आणि आतून कापशी अशी खिंकाळली की गल्लीतली कुत्री उठली. तेव्हा कुठं त्यांनी प्रसेनजितला टेम्पो काढायला सांगितलं.

आणि निघताना सुनेला म्हणाल्या, "तू पन चाल. कानापाशी."

लग्न चारचं होतं. आपल्याकडं चारचं लग्न चारला लागलं तर लोक घड्याळाला दोष देतील. गावाबाहेरच्या शाळेपासून वरात निघाली तेव्हा साडेचार होऊन गेले होते. पांढऱ्या कुर्त्यातला, निळा फेटा बांधलेला धम्मरत्न कापशीवर बसला. दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात घोडी अशी दिसत होती की वाटेवरच्या शेतातली माणसं वखर थांबवून बघत होती. गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर निळी झूल, कपाळावर कलगी. लगाम कलाबाईच्या हातात, डाव्या कानाशी सुवर्णा. वाजंत्री पुढं, नाचणारे त्यांच्याही पुढं. माणिकराव सत्तरीला टेकलेले, पण आज लगामाच्या पुढं पुढं चालत होते आणि दर दहा पावलांना मागं वळून घोडीकडं पाहत होते. बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी त्याच वेशीत त्या काठीवाल्यांपुढं हात जोडले होते. ते हात आज काय करायचं ते न कळून सारखे उपरणं सावरत होते.

नाचणाऱ्यांनी वेळ खाल्ला. प्रत्येक वळणावर एक गाणं, प्रत्येक गाण्याला एक फर्माईश. सूर्य कलला. वेस दिसायला लागली तेव्हा सातपुड्याकडून वारा सुटला. आधी तोरणातली आंब्याची पानं हलली, मग कलगी.

सुवर्णाचा हात कापशीच्या कानावर होता. तो कान गार लागला.

तिनं पुन्हा हात लावला. मुळाशी, मग टोकाशी. गार. झुलीच्या काठाखाली, खांद्याची कातडी एकदा थरथरली आणि थांबली, मग पुन्हा थरथरली. वेस वीस पावलांवर होती. सुवर्णाच्या मनात जे आलं ते ती लपवत नाही. वीस पावलं. वीस पावलांनी कोणती घोडी मरते? वेशीच्या आत गेलो की सगळं झालं, मग उतरवा, मग गोधड्या टाका. आणि ही घोडी आजारी पडली ती माझ्या हातानं. आता मीच तोंड उघडून आईंचं बेचाळीस वर्षांचं मागणं या वेशीत मोडू? तिनं सासूकडं पाहिलं. कलाबाईची नजर समोर होती, वेशीवर. त्यांनी लगाम इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

वेस दहा पावलांवर आली.

"आई," सुवर्णा म्हणाली, "कान थंडा पडला."

कलाबाई थांबल्या. त्यांनी कानाला हात लावून पाहिला नाही, सुनेचा शब्द तपासला नाही. नुसत्या थांबल्या. मागून येणारी वरात एकमेकांवर आदळून थांबली. वाजंत्रीवाल्यांना कळायला वेळ लागला, मग तेही थांबले. कलाबाईनं वर पाहिलं आणि नवरदेवाला म्हटलं, "उतर बाबा."

वेशीत सगळं गाव जमलेलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्यांनी तो शब्द ऐकलेला होता, इथंच, याच जागी. माणिकरावांचा चेहरा उतरला. ते जवळ आले आणि म्हणाले, "कला, इथं? इथंच उतरवतं?"

"दादा, तवा त्यायनं उतरवलं होतं," कलाबाई म्हणाल्या. "आज म्या उतरवलं. माही घोडी आजारी हाये."

धम्मरत्न तोवर खाली उतरलेला होता. शहाणा पोरगा, त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. फेटा सावरला, पुढं आला आणि लगाम मागितला. कापशीचा लगाम कलाबाईनं तीन वर्षांत प्रसेनजितखेरीज कोणाच्या हातात दिला नव्हता. तो त्यांनी नवरदेवाच्या हातात दिला आणि स्वतः कलगी काढली, झूल काढली, घुंगरांचा पट्टा काढला. प्रसेनजित टेम्पोकडं गोधड्यांसाठी धावला, पण टेम्पो शाळेपाशी राहिला होता. सुवर्णानं अंगावरची शाल काढून घोडीच्या पाठीवर टाकली. ती पाठीच्या निम्म्यालाही पुरेना.

तेवढ्यात वेशीजवळच्या पारावरून एक म्हातारा उठला. तुळशीराम, भाजीपाला पिकवणारा, नव्वदीकडं झुकलेला. गावात त्याला सगळे ओळखत होते. सुवर्णाला तो कोण ते नंतर कळलं. तो काठी टेकत आला, खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं आणि कापशीच्या पाठीवर पसरलं. नीट, मानेपासून शेपटीपर्यंत, सुरकुती न ठेवता.

"तवा मी इथंच उभा होतो बाई," तो म्हणाला. "काई बोललो नाई."

"मले माईत हाये," कलाबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "घोंगडं वापस कवा पाठवू?"

म्हाताऱ्यानं नको म्हणून मान हलवली आणि परत पारावर जाऊन बसला.

मग सगळे वेशीतून आत गेले. पांढरा कुर्ता घातलेला नवरदेव पायी, त्याच्या हातात लगाम, आणि काळ्या घोंगड्यातली, बिनसाजाची, पाठीवर कोणी नसलेली घोडी. वाजंत्री वाजली नाही. लोक दोन्ही बाजूंनी मागं सरले आणि कापशीला वाट दिली. एरवी लोक नवरदेवाकडं पाहतात, त्या दिवशी सगळे घोडीकडं पाहत होते. सुवर्णा कान चोळत चालत होती आणि तिच्या अंगावर काटा आला होता, तो थंडीचा नव्हता. माणिकराव सगळ्यांच्या मागं राहिले होते. त्यांनी आता उपरणं सावरायचं सोडून त्यात तोंड लपवलं होतं.

मांडवामागं, आडोशाला, कढई मांडून कोंडा भाजला गेला. राखीचं लग्न लागत होतं, त्रिशरण चालू होतं आणि या दोघी सासू-सुना कापशीला चोळत होत्या. कान गरम झाल्यावरच त्यांनी अक्षता म्हणून ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्या हातात घेतल्या, तोवर लग्न लागून गेलेलं होतं.

घरी परत येताना टेम्पोच्या मागच्या बाजूला, कापशीच्या पायांशी त्या दोघी बसल्या होत्या. वाटेत नांदुऱ्याचं रेल्वेफाटक लागलं. फाटकाशी टेम्पो थांबला, लांबून गाडीची शिट्टी आली आणि कापशीनं कान टवकारले. तेव्हा सुवर्णानं धीर करून म्हटलं, की आई, चुकलं माझं, माझ्यामुळं तुमचं राहून गेलं.

कलाबाईची नजर फाटकाच्या लाल दिव्यावर होती.

"मले आधीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "शाळेच्या पुढच्या वळणावरच. लगामात कळते. म्या बोलली नाई. वेस दिसून राह्यली होती न."

गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं. कलाबाईनं पिशवीतून खरारा काढला, त्याच्या दातांत अडकलेले पांढरे केस बोटानं काढून टाकले आणि तो सुवर्णाच्या मांडीवर ठेवला.

"उद्यापासून सकाळचा तुह्या हातानं होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि घोंगडं नीट करायला उठल्या.